आधी खोका, मग वेबसाइट

पावसाळा सरत आला की घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्यांकडे दिवाळीच्या फराळाची चौकशी सुरू होते. आता त्या चौकशीत एक प्रश्न हमखास असतो : “ऑनलाइन देता का?” म्हणून बरेच गृहउद्योग वेबसाइट करून घ्यायच्या विचारात आहेत. ती जरूर करावी. पण त्यासाठी पैसे मोजण्याआधी मालाचा खोका समोर घेऊन बसावे. छोट्या ऑनलाइन दुकानाचा नफा बहुतेक वेळा त्या खोक्यातच ठरतो.

वेबसाइट उभारणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे प्लगइन फुकट मिळते. खर्च येतो तो डोमेन, होस्टिंग आणि काम करून देणाऱ्याच्या मेहनतान्याचा. शॉपिफायसारखी सेवा दरमहा भाडे घेते आणि तांत्रिक देखभाल स्वतः पाहते. पेमेंट गेटवे व्यवहारामागे साधारण 2 टक्के कापतो, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. गिऱ्हाईक मोजकेच असेल तर व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआय एवढ्यावरही सुरुवात करता येते.

हा खर्च आधी कळतो. कुरिअरचा मात्र पहिले बिल हातात पडल्यावर कळतो.

एक किलो कुरडया घ्या. मोडू नयेत म्हणून त्या 30 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरच्या खोक्यात सैलसर भरल्या. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावरच भाडे लावतात. इथे उत्तर येते 3.6 किलो. एक किलो गोडा मसाला मात्र 25 बाय 15 बाय 8 च्या खोक्यात बसतो. त्याचा हिशेब 0.6 किलोचा, म्हणून भाडे खऱ्या वजनाचेच. दोन्हींना सरसकट एकच डिलिव्हरी चार्ज लावणारा विक्रेता कुरडयांच्या प्रत्येक ऑर्डरला पदरचे पैसे घालतो. कॅश ऑन डिलिव्हरीत गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले, तर परतीचे भाडेही सहसा त्याच्याच माथी बसते आणि हातात येतो तो चुरा.

त्यामुळे पहिल्या यादीत मसाले, मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या असा कमी जागेत मावणारा आणि न मोडणारा माल ठेवावा. कुरडया, फेण्या तूर्त आपल्याच शहरात विकाव्यात.

कागदपत्रांतही असाच एक गैरसमज आहे. ‘उलाढाल 40 लाखांच्या आत, म्हणजे जीएसटी नोंदणी नको’ हे राज्यातल्या मालविक्रीपुरते खरे आहे. ऑक्टोबर 2023 पासून मोठ्या प्लॅटफॉर्मवरून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांनाही काही अटींवर ही सूट मिळाली. पण मसाल्यासारख्या करपात्र मालाचे एक पाकीट साताऱ्याहून बंगळुरूला गेले, की तो आंतरराज्य पुरवठा होतो आणि उलाढाल कितीही असली तरी नोंदणी घ्यावी लागते. वेबसाइट साऱ्या देशाला दिसते. ऑर्डर कुठून घ्यायची हे पिनकोडनिशी आधीच ठरवून ठेवलेले बरे.

एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक लेबलवर हवाच. 2018 पासून निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचे नाव-पत्ता ही माहिती वेबसाइटवरही दाखवावी लागते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. घरच्या एका माणसावर हे काम नेमून द्यावे.

दिवाळीला अजून अवधी आहे. या महिन्यात नागपूर, नाशिक, पुणे, मुंबई इथल्या नातेवाइकांना प्रत्येकी एक पार्सल पाठवा, उघडतानाचे फोटो मागवा, भाड्याच्या पावत्या जपून ठेवा आणि त्यावरून दर ठरवा. वेबसाइट करणाऱ्याला त्यानंतर बोलवा.