इथेनॉलला दोष देण्याआधी पंपाचे व्होल्टेज मोजा

टर्बो गाडी इथेनॉलवर चालवायची म्हटले की दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'त्या नादी लागू नका, ताकद जाईल आणि इंजिनाची वाट लागेल.' दुसरा म्हणतो, 'मोठे इंजेक्टर टाका, रिमॅप करा, काही होत नाही.' वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशभर टाक्यांत जाऊ लागले आहे आणि हौशी मंडळी ई-८५ ची भाषा बोलू लागली आहेत. अशा वेळी दोन्ही सल्ल्यांचा समाचार घ्यायलाच हवा, कारण दोन्ही हिशेब न करता दिले जातात.

आधी ताकदीचा मुद्दा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, हे खरे. ॲव्हरेज पडते, हेही खरे. पण ताकद ठरते ती इंजिनात किती हवा जाते आणि तिच्यासोबत किती इंधन सुरक्षितपणे जळते यावर. एक किलो पेट्रोलला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त जाळता येते आणि हवेच्या प्रत्येक किलोमागे ऊर्जा जवळपास सारखीच मिळते. शिवाय त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते. त्यामुळे नॉकिंग न होता बूस्ट वाढवता येतो. स्वीडनच्या कोएनिगसेगने येस्को गाडीच्या दुहेरी टर्बो इंजिनाची ताकद पेट्रोलवर १,२८० आणि ई-८५ वर १,६०० अश्वशक्ती जाहीर केली आहे. इंजिन तेच, इंधन वेगळे.

'इथेनॉल सगळे खाऊन टाकते' हा आक्षेप अर्धा खरा आहे. जुने रबर, उघडे जस्त आणि उघडे ॲल्युमिनियम त्यापुढे टिकत नाहीत. ते पाणीही ओढून घेते. त्यावर उपाय साधा आहे: व्हिटॉनच्या ओ-रिंग, आतून टेफ्लॉन असलेले पाइप, ॲनोडाइज केलेली रेल आणि इथेनॉलसाठी बनवलेला पंप. मात्र गाडी ई-२० साठी योग्य आहे म्हणून ती ई-८५ ही पचवेल, असे कोणी मानू नये. जुन्या टाकीतला चिकटा सुटून येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा.

आता दुसरा पक्ष, जो मला जास्त घातक वाटतो. चार सिलिंडरच्या, पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनातून ३०० अश्वशक्ती हवी आहे, असे धरू. ई-८५ वर एका अश्वशक्तीमागे तासाला ढोबळमानाने ३४० ग्रॅम इंधन लागते. म्हणजे १०२ किलो, सुमारे १३० लिटर. एका इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला साधारण ५४५ सीसी येतात. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवू नये, म्हणून क्षमता ६८० सीसी हवी. थोडी मोकळीक धरून ७५० सीसी पुरे. तिथे १,३०० सीसीचे इंजेक्टर घेण्यात पैसा जातो आणि आयडलिंगला गाडी नीट बसवणेही अवघड होते.

पण खरी गाठ पंपाशी आहे. रेलचा मूळ दाब ३ बार आणि बूस्ट १.५ बार असेल, तर पंपाला ४.५ बारवर इंधन ढकलावे लागते. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा कमी दाबाचा असतो. दाब वाढतो तसा प्रवाह घटतो. म्हणून पंपाचा आलेख मागा आणि ४.५ बारवरचा आकडा बघा. मग पूर्ण लोडवर पंपाच्या कनेक्टरला मल्टीमीटर लावा. बॅटरीवर १३.८ आणि तिथे ११.५ व्होल्ट दिसले, तर दोष पंपाचा नाही, बारीक वायरचा आहे. जाड वायर आणि वेगळा रिले यांनी तो सुटतो. पूर्ण बूस्टला रेलचा दाब आणि बूस्ट यांतला फरक ३ बारच राहिला पाहिजे. तो घसरू लागला की इंजिन लीन होते, आणि बूस्टमध्ये लीन होणे म्हणजे पिस्टन जळणे. तेव्हा कितीही मोठा इंजेक्टर कामाचा नाही.

आपल्याकडच्या टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत कॅमशाफ्टवर चालणारा हाय-प्रेशर पंप ही आणखी एक मर्यादा असते. तिथे तो पंप बदलावा, पोर्टवर जादा इंजेक्टर बसवावेत, नाहीतर इथेनॉलचे प्रमाण कमी ठेवावे.

तेव्हा क्रम असा असावा: आधी ताकदीचे उद्दिष्ट, मग प्रवाहाचा हिशेब, मग पंप आणि वायरिंग, मग पाइप व रेग्युलेटर, मग इंजेक्टर. अमेरिकेत ई-८५ नावाने मिळणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकते, म्हणून फ्लेक्स-फ्युएल सेन्सरही हवा. मॅप सर्वांत शेवटी. इंधन पोहोचतच नसेल तर लॅपटॉपवरून ते निर्माण करता येत नाही.

महाराष्ट्राच्या उसातून निघणारे हे इंधन टर्बो इंजिनासाठी उत्तम आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याची बदनामी होते ती अर्धवट कामामुळे. म्हणून गॅरेजवाल्याकडे दोन कागद मागा: कामाआधी प्रवाहाचा हिशेब आणि कामानंतर पूर्ण बूस्टमधल्या रेल-दाबाची नोंद. जो ते देत नाही, त्याच्या हाती गाडीची चावी देऊ नका.