अहवाल पुष्कळ, अंमल कुठे?

युरोपियन युनियन दरवर्षी जगाच्या मानवी हक्कांवर अहवाल काढते. घरचे काय? चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा मुलांवर 'मतिमंद' शिक्का मारून त्यांना 'विशेष' शाळांत टाकले जाई. (अस्पृश्यतेची ही युरोपीय आवृत्ती!) 18 विद्यार्थी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. 2006 मध्ये हरले, 2007 मध्ये मोठ्या खंडपीठापुढे जिंकले. पण शाळांच्या नुसत्या पाट्या बदलल्या, वर्ग तेच राहिले. 2014 मध्ये युरोपीय आयोगाने वंशभेदविरोधी कायद्याखाली चेक सरकारवर कारवाई सुरू केली, तेव्हा कुठे 2016 मध्ये तो हलका अभ्यासक्रम रद्द झाला.

बाबासाहेबांनी कलम 32 ला संविधानाचा आत्मा म्हटले ते उगाच नाही. मानवाधिकार आयोगाच्या शिफारशींवर टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या मित्रांना विचारा: शिफारस धुडकावली तर सरकारचे काय बिघडते?