बचतीचा उपदेश पुरे, हिशेब मांडू या

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आमच्या गटाकडे एक उपक्रम आला. वस्तीत जाऊन बचतीचे महत्त्व पटवून द्यायचे. गटप्रमुख मी आणि वस्तीही माझीच, गोवंडीची. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आपल्या माणसांना चार गोष्टी शिकवू, असा ताठा मनात होता हे कबूल करते.

पहिल्याच दिवशी शेजारच्या मावशींनी तो उतरवला. "पोरी, इतकी वर्षं भिशी चालवते मी. बचत तू मला शिकवणार?" त्यांच्या भिशीत बाराजणी दरमहा ५०० रुपये घालतात. जिची चिठ्ठी निघेल तिला ६,००० मिळतात. ना व्याज, ना कागद. सारा विश्वासाचा कारभार. मग इतकी काटकसर करूनही या बायका कर्जात का?

उत्तर माझ्याच घरात सापडले. आई घरी बसून शिवलेल्या कपड्यांचे धागे कापते. दोन वर्षांपूर्वी बाबा आजारी पडले, तेव्हा भिशीतली तिची पाळी होऊन गेली होती. आजार काही चिठ्ठी पाहून येत नाही. तिने शेकडा दहा रुपये महिना व्याजाने १०,००० उचलले. दहा महिन्यांत १०,००० भरले आणि मुद्दल जसेच्या तसे! त्या वर्षी माझी फी का थकली, हे आईने कधी सांगितले नाही. उपक्रमासाठी घरखर्च वहीत मांडताना ते आकड्यांनी सांगितले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, गरिबाला काटकसर शिकवू नये. ती त्याच्याजवळ आपल्याहून अधिक आहे. त्याला हवा आहे अडचणीच्या दिवशी वाजवी व्याजाने मिळणारा पैसा.

याचा दाखला मुंबईतच आहे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते खरे. पण दार आपोआप उघडले नाही, एकजुटीने ठोठवावे लागले. पुढे १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला आरंभ केला. गटात पैसा पाळीने नव्हे, गरजेप्रमाणे मिळतो. शेकडा दोन रुपये महिना व्याज धरले, तर १०,००० रुपयांना महिन्याला २०० पडतात आणि तेही गटातच राहतात.

कोणी म्हणेल, याने मजुरी थोडीच वाढणार आहे? नाही वाढणार. धागे कापण्याचा दर गट ठरवत नाही. त्यासाठी निराळा लढा हवा. परंतु महिन्याला वाचलेल्या आठशे रुपयांत एखाद्या मुलीचे शिक्षण चालू राहते, हे मी स्वतःवरून सांगते.

आम्ही घोषणांचे फलक गुंडाळून ठेवले. मावशींच्या बाराजणींनी आता गट धरला आहे. दर रविवारी वही मी लिहिते आणि त्यांच्यातल्या दोघींना लिहायला शिकवते. कारण पुढच्या वर्षानंतर मी या महाविद्यालयात नसेन. मित्रमैत्रिणींनो, आपण निघून गेल्यावर वही बंद पडणार असेल, तर तो उपक्रम नव्हे. ती प्रमाणपत्रापुरती हजेरी होय.