गाडी विकण्याआधी तिचा फुत्कार काढा

आपल्या वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर ‘गाडी विकणे आहे’ अशा जाहिराती असतात. घेणारं कुटुंब बहुधा नुकतंच कॅलिफोर्नियात आलेलं असतं. त्यांना ना इथल्या गाड्यांची माहिती, ना ओळखीचा मेकॅनिक. ‘मंडळातल्याच माणसाची गाडी आहे, मग काय बघायचंय!’ एवढ्या भरवशावर चेक लिहिला जातो. हा भरवसा मोडू नये म्हणून एका लहानशा भागाबद्दल लिहिते आहे.

आपल्या मुलांना सुबारू डब्ल्यूआरएक्ससारख्या टर्बोच्या गाड्यांचं भारी वेड. गाडी घरी आली की थोड्याच दिवसांत हूडखाली एक चकचकीत ‘ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह’ बसतो आणि गिअर बदलताना गाडी नागासारखी फुत्कारू लागते. आई म्हणते, ‘काहीतरी बिघडलंय.’ मुलगा म्हणतो, ‘अगं, पॉवर वाढलीय.’ यात आईचं म्हणणं सत्याच्या जास्त जवळ आहे.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात भरतो. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की हवेचं दार मिटतं, पण पंखा काही क्षण फिरतच राहतो. दाबलेली हवा उलटून पंख्यावर आदळू नये म्हणून तिला वाट करून देणारा व्हॉल्व्ह कंपनीने मुळातच दिलेला असतो. तो ही हवा बाहेर न सोडता नळीने परत पंख्याच्या तोंडाशी नेतो. बाजारातला व्हॉल्व्ह तीच हवा बाहेर सोडतो. फुत्कार येतो तो त्यामुळे. व्हॉल्व्ह उघडतो तोच मुळी पाय उचलल्यावर. तेव्हा मूळचा व्हॉल्व्ह धड असेल, तर नव्याने पॉवर वाढण्याचा प्रश्नच येत नाही.

तोटा मात्र होतो. डब्ल्यूआरएक्सच्या २००२ ते २०१४ च्या मॉडेलांत आत येणारी हवा सुरुवातीलाच मोजली जाते आणि त्या मापाने संगणक पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा मध्येच बाहेर गेली, तर ते संगणकाला कळत नाही. वीस पानांचा स्वयंपाक झाला आणि पाच पाहुणे पानावर बसण्याआधीच निघून गेले, तर काय होईल? अन्न उरणार. इथे पेट्रोल उरतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथॅनॉल मिसळलेलं असेल तर थोडी कमी. हे प्रमाण बिघडलं की न जळलेलं इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण असतात. जास्त उष्णतेने ते एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांचा पृष्ठभाग घटतो आणि धूर शुद्ध करण्याची ताकद कमी होते. एका फुत्काराने असं होत नाही. रोजच्या शेकडो फुत्कारांचा परिणाम साठत जातो. आणि तो उघड होतो बहुधा दुसऱ्या मालकाच्या हाती, मोठं बिल घेऊन.

सगळ्या टर्बो गाड्यांना हे लागू नाही. काहींत हवा इंजिनाच्या तोंडाशी दाबावरून मोजली जाते, तिथे पेट्रोलाचा हा घोटाळा होत नाही. शिवाय मूळच्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटला, तर तो भाग बदलायलाच हवा. पण तेव्हाही मूळच्या जातीचा, हवा परत आत नेणाराच बसवावा.

कायद्याची बाजूही आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचं कलम २७१५६ प्रदूषण नियंत्रणात ढवळाढवळ करायला मनाई करतं. बाहेरच्या भागाला एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो. तो नसेल तर स्मॉग तपासणीत नुसत्या नजरेने पाहूनही गाडी नापास होऊ शकते. चार मॉडेल-वर्षांपेक्षा जुनी पेट्रोलची गाडी परक्याला विकताना ९० दिवसांच्या आतलं स्मॉग प्रमाणपत्र देणं विकणाऱ्याचं काम आहे. ‘जशी आहे तशी विकली’ असं लिहून ही जबाबदारी टळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की गाडी विकण्याआधी मूळचा व्हॉल्व्ह परत बसवावा. काम तासा-दोन तासांचं आहे. इंजिन गार असताना करावं, गॅस्केट नवीन घालावं. परतीच्या नळीचं तोंड बुचाने बंद केलेलं असेल, तर बूच काढून नळी नीट जोडावी, हे फार जण विसरतात. संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदललं असेल तर तेही पूर्ववत करून घ्यावं. बॅटरी काढली किंवा कोड पुसले, तर गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवल्यावरच तपासणीला न्यावी; त्याआधी संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झालेल्या नसतात.

आईवडिलांना एक विनंती. हे काम ज्याने तो व्हॉल्व्ह बसवला त्याच्याच हातून करून घ्या. आवाजावरून घरात वाद घालण्यापेक्षा ‘उद्या ही गाडी कोण चालवणार आहे?’ एवढंच त्याला विचारा. पैसे त्याचे गेले आहेत, हे खरं. पण चकचकीत व्हॉल्व्ह वेगळाही विकता येतो. नव्याने आलेल्या कुटुंबाला मुलाला शाळेत सोडायला गाडी हवी असते, त्यांना फुत्काराचे पैसे कशाला मोजायला लावायचे? आणि ज्यांच्या गाडीत आजच बदल करायचा बेत आहे, त्यांनी काढलेला मूळचा भाग नाव लिहून गराजमध्ये जपून ठेवावा.

संपादक मंडळाला एक सूचना करते. यापुढे गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘सर्व भाग मूळचे’ किंवा ‘पुढील भाग बदललेले’ अशी एक ओळ सक्तीची करावी. जागा एका ओळीची लागेल. घेणाऱ्याला काय विचारायचं ते कळेल आणि विकणाऱ्याला पुढच्या गणपतीत त्याच माणसाशेजारी पंगतीला बसताना मान खाली घालावी लागणार नाही.