विश्लेषण : ‘विच’ या जुन्या कमांडवरून डेबियनमध्ये वाद का झाला?

2021 मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या विकास आवृत्तीत ‘विच’ ही कमांड चालवली, की उत्तरासोबत एक इशारा दिसू लागला. ही कमांड कालबाह्य ठरवली आहे, स्क्रिप्टमध्ये ‘कमांड -व्ही’ वापरा, असा त्याचा आशय होता. एका ओळीचा हा वाद थेट डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला. उबुंटू, रास्पबेरी पाय ओएस आणि सी-डॅकची बॉस लिनक्स या प्रणाली डेबियनवरच आधारलेल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न मोजक्या तज्ज्ञांपुरता नव्हता.

‘विच’ काय करते?

टर्मिनलमध्ये आपण टाइप केलेला आदेश वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. कोणत्या फोल्डरमध्ये प्रोग्राम शोधायचे, याची यादी ‘पाथ’ नावाच्या चलात असते. ‘विच’ ही यादी क्रमाने तपासते आणि दिलेल्या नावाची, चालवता येणारी पहिली फाइल सापडली की तिचा पत्ता सांगते. असा प्रोग्राम नवशिक्यालाही दहा-पंधरा ओळींत लिहिता येतो. डेबियनमधील ‘विच’ हीसुद्धा एक छोटी शेल स्क्रिप्टच आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण एलियासची, म्हणजे कमांडला दिलेल्या टोपणनावाची आहे. टोपणनावे शेलच्या स्वतःच्या स्मृतीत असतात. ‘विच’ हा वेगळा प्रोग्राम असेल, तर त्याला तिथे डोकावता येत नाही. बर्कली युनिक्समधील सुरुवातीची ‘विच’ त्यासाठी सी-शेलची सेटिंग फाइल वाचत असे. जीएनयूच्या ‘विच’ला शेलमधील टोपणनावांची यादी बाहेरून पुरवता येते. झेड-शेलमध्ये ‘विच’ शेलच्याच आत असल्याने तिला टोपणनावे दिसतात. म्हणजे नाव एकच, पण उत्तर प्रणालीनुसार बदलते. शिवाय पॉझिक्स या मानकात ‘विच’ नाही, ‘कमांड -व्ही’ आहे. कमांड सांभाळणाऱ्यांच्या बाजूने हा मुद्दा भक्कम होता.

विरोध का झाला?

कारण वर्षानुवर्षांच्या असंख्य स्क्रिप्ट ‘विच’वर विसंबून आहेत. चुकांच्या वाहिनीवर एक ओळ जरी छापली गेली, तरी डेबियनच्या स्वयंचलित चाचण्या सहसा ती चाचणी नापास ठरवतात. पर्याय चांगला असला, तरी सगळ्या स्क्रिप्ट दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

तांत्रिक समितीने वापरकर्त्यांची बाजू उचलून धरली. तिने दोन गोष्टी स्पष्ट केल्या : इशारा छापायचा नाही आणि सुसंगत पर्याय मूलभूत पॅकेजांमध्ये येईपर्यंत ‘विच’ काढायची नाही. ज्यांना जीएनयूची आवृत्ती हवी, त्यांना ती वेगळ्या पॅकेजमधून घेता येते.

सामान्य वापरकर्त्याचा संबंध काय?

संबंध सुरक्षेशी आहे. समजा, एखाद्या घातक स्क्रिप्टने तुमच्या बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये ‘सुडो’ या नावाचे टोपणनाव घुसवले. पुढच्या वेळी पासवर्ड विचारणारा प्रोग्राम खरा नसेल. डेबियन किंवा उबुंटूवर ‘विच सुडो’ विचारले, तर उत्तर मात्र खऱ्या फाइलचेच येईल आणि सगळे ठीक आहे असे वाटेल. ‘टाइप सुडो’ विचारले, तर बॅश टोपणनाव दाखवते, कारण ‘टाइप’ ही शेलचीच अंतर्गत कमांड आहे.

अर्थात, शेलमध्येच फेरफार झाला असेल, तर त्याच्या उत्तरावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. संशय असल्यास सेटिंग फाइल स्वतः उघडून वाचावी. आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्टमधली कमांड समजून घेतल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवू नये.

थोडक्यात

कोणती फाइल कुठे आहे, हे ‘विच’ सांगते. प्रत्यक्षात काय चालणार, हे शेलला विचारावे लागते. जुनी कमांड तिच्यावर विसंबलेल्यांसाठी टिकली, हे योग्यच झाले. पण तिचे उत्तर अपुरे असू शकते, हे वापरणाऱ्यानेच लक्षात ठेवायला हवे.