लिनक्स फुकट, मदत कोणत्या लेखाशीर्षाखाली?

आपल्या प्रशासनात एक सोयीचा समज रुजून बसला आहे. तो असा की, लिनक्स ही संगणकप्रणाली फुकट मिळते, म्हणून ती वापरण्याचा खर्चही शून्य असतो. हा समज मी किती बैठकांतून ऐकला त्याची मोजदाद नाही. कधी तो लिनक्सच्या बाजूने मांडला जातो: परवान्याचे पैसे वाचतील. कधी विरुद्ध बाजूने: फुकटच्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार? दोन्ही बाजूंच्या मंडळींना प्रणालीची किंमत दिसते. ती चालवताना अडले की जो माणूस शेजारी येऊन बसतो, त्याची किंमत मात्र कोणालाच दिसत नाही. या लेखाचा विषय तो माणूस आहे. (मते माझी, खात्याची नव्हेत, हे सांगणे नलगे.)

अर्थशास्त्र शिकलेल्या वाचकांना सॅम्युएल्सनने १९५४ मध्ये मांडलेली सार्वजनिक वस्तूची कल्पना आठवत असेल. एकाने उपभोग घेतला तरी दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, ती सार्वजनिक वस्तू. लिनक्स या व्याख्येत चपखल बसते. नाशिकमधल्या कोणी ती उतरवून घेतली म्हणून नोएडातल्या कोणाची प्रत उणी होत नाही. मदतीचे मात्र तसे नाही. एका स्वयंसेवकाचा एक रविवार एकाच घरी खर्च होतो; त्या दिवशी दुसऱ्या घरचा संगणक बंदच राहतो. म्हणजे प्रणाली विपुल आणि मदत दुर्मिळ, अशी ही जोडी आहे. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अंगीकाराचे जे धोरण जाहीर केले, ते चांगलेच आहे. सरकारी प्रकल्पांच्या निविदांत मुक्तस्रोताला प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. पण ते धोरण विपुल वस्तूविषयी आहे. दुर्मिळ वस्तूचा, आणि तीही नागरिकाच्या घरात, विचार करणे हे कोणत्याच विभागाचे काम ठरलेले नाही.

ही मदत आजवर कोणी केली, हे नव्या पिढीच्या अधिकाऱ्यांना ठाऊक नसते, म्हणून थोडे मागे जातो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या त्या कूर्मगतीच्या जोडणीवर अख्खी प्रणाली उतरवून घेणे अशक्यप्राय होते. १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची तबकडी वाटली, आणि देशातल्या कित्येकांच्या घरी लिनक्स पहिल्यांदा आली ती अशी. या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. बेळगावात वाढलेला, तिथल्याच गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा माणूस पुढे बेंगळूरला स्थायिक झाला, २००१ पासून त्याने तिथे लिनक्सचे मोठे वार्षिक मेळावे भरवले आणि २०१३ मध्ये कर्करोगाने गेला. सीमाभागातल्या या कर्तृत्वाची दखल मराठी माणसांनी पुरेशी घेतली नाही, असे मला वाटते; पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

तबकडी घरी आली, तरी ती चालणार कशी? त्या काळी स्वस्त संगणकात जे मोडेम बसवलेले असत, ते खरे तर अर्धेच मोडेम होते. त्यांचे उरलेले अर्धे काम विंडोजमधले सॉफ्टवेअर करी. लिनक्सखाली ते मुके होत. अशा वेळी दिल्ली, मुंबई, पुणे, बेंगळूर येथे जे लिनक्स-वापरकर्त्यांचे गट उभे राहिले होते, त्यांतली मंडळी सांगत: नेहरू प्लेसला जा, सीरियल पोर्टला जोडायचे बाहेरचे मोडेम घ्या, थोडे महाग पडेल पण चालेल. ज्यांना तेही परवडत नसे, त्यांच्यासाठी कोणीतरी रात्र जागून ड्रायव्हर जुळवून देई. दिल्लीत सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या 'सराय' उपक्रमाने हिंदीत लिनक्स आणण्याच्या कामाला हात दिला. आज आपण देवनागरीत जे सहज टंकलिखित करतो, त्यामागे अशी पुष्कळ बिनपगारी माणसे आहेत.

पुढे २००४ चे ब्रॉडबँड धोरण आले, २००५ मध्ये दिल्ली-मुंबईत एमटीएनएलची ट्रायबँड सेवा आली. त्या पिढीच्या अनेक मोडेमना दोन खाचा असत, एक यूएसबीची आणि एक इथरनेटची. यूएसबीने जोडले की विंडोजची तबकडी लागे. इथरनेटने जोडून ग्राहकाचे नाव व परवलीचा शब्द मोडेममध्येच भरून ठेवला की कोणतीही प्रणाली बिनबोभाट चाले. हा साधा उपाय ग्राहकाला कळला तो बहुतांशी स्वयंसेवकांकडून. त्यानंतर मोबाइल कंपन्यांचे डोंगल आले. ते संगणकाला लावले की आधी तबकडी असल्याची बतावणी करत, म्हणजे विंडोजने त्यांचे सॉफ्टवेअर वाचून घ्यावे. लिनक्सला ते तबकडीच वाटत राहत. त्यांची समजूत घालून त्यांना मोडेम बनवणारे छोटे साधनही स्वयंसेवकांनीच लिहिले. प्रत्येक वेळी तेच. नवी जोडणी विंडोज गृहीत धरून येते, पुढची काही वर्षे स्वयंसेवक खटपट करून तिचे कुलूप काढतात, कंपनीला नवे ग्राहक फुकटात मिळतात आणि त्या खटपटीची नोंद कोणाच्याही ताळेबंदात होत नाही. अर्थशास्त्रात याला फुकट्याची समस्या म्हणतात. फरक एवढाच की, इथले फुकटे गरीब ग्राहक नसून परवानाधारक कंपन्या आणि आपण, म्हणजे सरकार, आहोत.

काही वर्षांपूर्वी माझ्या घरी फायबरची जोडणी घेताना आलेला तंत्रज्ञ माझ्या संगणकाकडे पाहून म्हणाला, "साहब, इसमें विंडोज डलवा लीजिए, फिर फोन कीजिएगा।" तार माझ्या घरापर्यंत आली होती, दिवा हिरवा लागला होता, पैसे मी भरले होते. बाकी होती ती चार ओळींची माहिती, आणि ती त्याच्याकडे नव्हती, कारण कंपनीने त्याला ती दिलीच नव्हती. दोष त्याचा नाही. गंमत अशी की, त्याने भिंतीवर ठोकलेला राउटर लिनक्सवर चालतो, आणि त्याच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

राउटरचा उल्लेख आला आहे तर त्याचेही सांगतो. २००३ मध्ये काही चौकस लोकांच्या लक्षात आले की, लिंकसिस कंपनीच्या एका लोकप्रिय घरगुती राउटरमध्ये लिनक्स आहे, पण परवान्यानुसार त्याचा स्रोत खुला केलेला नाही. पाठपुरावा झाला, स्रोत खुला झाला आणि २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या राउटरला सुरक्षेची ठिगळे त्यामुळे आजही लावता येतात. हा केवळ हौशी मंडळींचा खेळ नव्हे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घुसखोर सॉफ्टवेअरने, मूळचा परवलीचा शब्द कधीच न बदललेले घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्या फौजेने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली कित्येक मोठी संकेतस्थळे ठप्प केली. ती उपकरणेही लिनक्सवरचीच होती. म्हणजे निव्वळ लिनक्स असून भागत नाही. तिची देखभाल करणारे कोणी लागते. ज्याच्या घरी राउटर आहे त्याला तोटा नाही, तोटा तिसऱ्यालाच. अशा ठिकाणी बाजार आपोआप मदत पुरवत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवले जाते.

हे सारे आज लिहिण्याचे कारण १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख. त्या दिवशी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, एवढेच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो; ढोबळमानाने २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत. कंपनीला मी दोष देत नाही. तिने करार केला होता, मुदत जाहीर केली होती, ती पाळली. प्रश्न आपला आहे. मुखर्जीनगरात आणि राजेंद्रनगरात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी नांदेड-लातूर-बुलढाण्याहून आलेली मुले राहतात, लक्ष्मीनगरात सनदी लेखापाल होऊ पाहणारी राहतात. त्यांतल्या अनेकांपाशी थोरल्या भावाचा किंवा मामाचा जुना लॅपटॉप असतो. तो यंत्र म्हणून ठणठणीत आहे. लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली घातली तर आणखी चार-पाच वर्षे सहज चालेल. ती घालून कोण देणार आणि दुसऱ्या दिवशी वाय-फाय दिसेना झाले तर फोन कोणाला करायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे नसली, तर त्या लॅपटॉपची वाट नेहरू प्लेसहून सीलमपूरकडे जाते. यमुनेपलीकडच्या या वस्तीत माणसे उघड्या हातांनी जुने संगणक फोडतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत, आणि ते मुख्यतः कचरा झाल्यानंतरचे पाहतात.

माझे एक ज्येष्ठ सहकारी यावर म्हणाले, "अहो, आता सगळे मोबाइलवर होते, संगणक लागतो कोणाला?" त्यांना मी विचारले की, आपण शेवटची टिप्पणी मोबाइलवर कधी लिहिलीत? दुसरा आक्षेप असा की, स्वयंसेवक हे आनंदासाठी करतात, त्यात सरकारने पैसा आणला तर तो आनंद नासेल. हा आक्षेप गंभीर आहे. पण आनंदासाठी माणूस नवा प्रश्न सोडवतो. तोच प्रश्न चाळिसाव्यांदा सोडवण्यात आनंद नसतो. मग उत्तर येते, 'आधी पुस्तिका वाचून या'. असे तुसडे उत्तर ऐकून कितीतरी सज्जन माणसे लिनक्सपासून कायमची दूर गेली आहेत. त्यातून पुस्तिका असते इंग्रजीत. मराठीत पायरीपायरीने लिहिलेले साहित्य इतके तुटपुंजे आहे की, एकाच्या घरी सुटलेला प्रश्न दुसऱ्याच्या उपयोगी पडतच नाही. एकदा नीट लिहून ठेवलेले उत्तर ही सार्वजनिक वस्तू होते. फोनवर सांगितलेले उत्तर हवेत विरते.

सरकारला मदतीची किंमत कळत नाही असे नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारित 'माया' ही प्रणाली आपल्या संगणकांसाठी घेतली, तेव्हा देखभालीला माणसे आपसूक नेमली गेली असणार. तिथे कोणी म्हणाले नसेल की, अडले तर जवानांनी महाजालावर विचारावे. आणि केरळकडे पाहा. तिथल्या शाळांत गेली दीड दशके आणि अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअर चालते, ते तबकड्या वाटल्यामुळे नव्हे. आधी शिक्षकांना शिकवले गेले, त्यांना शिकवणारे प्रशिक्षक पगारावर ठेवले गेले, आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाने शाळाशाळांतून मुलांचे गट उभे केले गेले. आठवी-नववीतली मुलगी आपल्या शाळेतला संगणक दुरुस्त करते आणि तिला ते काम म्हणून शिकवलेले असते. सीडॅकच्या 'बॉस' लिनक्सला आपण २००७ पासून नाव, भाषा, टंक सारे दिले. घरोघरी असा माणूस मात्र दिला नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या परवान्यात एक अट घालावी: जोडणीची सर्व माहिती, राउटरच्या परवलीच्या शब्दासह, कोणत्याही प्रणालीवर वापरता येईल अशा रीतीने ग्राहकाला त्याच्या भाषेत लेखी द्यावी. कोणतीही सरकारी सेवा एकाच कंपनीच्या प्रणालीवर किंवा न्याहाळकावर अडून राहू नये. २०१० मध्ये आपणच खुल्या मानकांचे धोरण केले, आणि तरी त्यानंतर कितीतरी वर्षे आपली संकेतस्थळे 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पाहावे' अशी पाटी मिरवत होती. तो एक्सप्लोररच २०२२ मध्ये निवृत्त झाला. सामायिक सेवा केंद्रांच्या दरपत्रकात 'जुन्या संगणकावर मुक्त प्रणाली घालणे व तीन महिने मदत' अशी एक ओळ वाढवावी, म्हणजे हे काम करणाऱ्याला रीतसर मोबदला मागता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करावे लागते. त्यांत हे तास धरावेत, आणि तास मोजताना सुटलेला प्रश्न स्वभाषेत लिहून जमा केला आहे का, एवढे पाहावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यांतल्या कशासाठीही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. गुडगाव, नोएडा, गाझियाबादेत मराठी मंडळी आहेत आणि त्यांतली बरीच संगणकाच्याच धंद्यात आहेत. गणपतीच्या मांडवासाठी आपण जी वर्गणी काढतो, तिच्या लहानशा हिश्शात महिन्याच्या एका रविवारची सोय होईल. एक खोली, दहा टेबले, विजेच्या पुरेशा खाचा, प्रणाली भरलेले चार-सहा पेनड्राइव्ह, येण्याजाण्याचे भाडे मिळणारे दोन जाणकार, आणि दाराशी एक जाड वही. तिच्यात संगणकाचे मॉडेल, अडचण आणि उपाय मराठीत लिहायचा, आणि तो लिहिल्याशिवाय कोणी उठायचे नाही.