मातीला पाणी आठवतं

बेळगावात घराचा पाया खणला की तांबडी माती निघतेच, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण तरुण मंडळींनो, पुढच्या वेळी खड्ड्याच्या कडेला जरा वाकून बघा. कुठे पिवळे डाग, कुठे करडे पट्टे, कुठे काळसर खडे. माझ्या मते, हा पाण्याने लिहून ठेवलेला हिशेबच आहे.

मातीत लोह असतं. हवा खेळती असली की ते गंजलेलं राहतं, म्हणून माती तांबडी किंवा पिवळट दिसते. पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते. मग कुजकी मुळं-पानं खाणारे जिवाणू प्राणवायूऐवजी हा गंज वापरतात. गंज विरघळतो, लोह पाण्याबरोबर सरकतं आणि मागे माती करडी पडते. पाणी ओसरून हवा लागली की तेच लोह दुसरीकडे पुन्हा गंजून बसतं.

भाताचं रोप उपटून बघा. चिखल करडा, पण मुळांवर तांबूस थर असतो, कारण भात मुळांपर्यंत हवा पोचवतो. उलट, एरवी कोरड्या असलेल्या जमिनीत पाणी साचलं, तर कुजलेल्या मुळाभोवती करडी नळी उमटते आणि तिच्या बाहेर तांबडी कड. मूळ जातं, रंग राहतो. गाडल्या गेलेल्या प्राचीन मातीतही अशा नळ्या सापडतात. त्यांवरून तिथे झाडं होती आणि पाणी अधूनमधून साचत होतं, हे अभ्यासक ओळखतात.

आपला जांभाही पाण्याचीच करणी. पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. वर घट्ट चिरा, खाली डागाडागांची माती. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातल्या अशाच दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ नाव दिलं.

हे सांगण्याचं कारण, गावाभोवतीच्या भातशेतीचे आता प्लॉट पडत आहेत. लोक जागा बघायला जातात मे महिन्यात, तेव्हा सगळं खडखडीत. एक कमरेइतका खड्डा खणून घ्या. करड्या मातीत तांबडे डाग वरच दिसले, तर पावसाळ्यात तिथे पाणी उभं राहत असण्याची शक्यता मोठी. मात्र रंग लवकर पुसला जात नाही. जांभ्याच्या भागात हे डाग फार जुन्या काळचेही असू शकतात. म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, जुलैत एक फेरी मारा. सही त्यानंतर करा.